हकीम अजमल खान

जुन्या दिल्लीत बल्लीमारान नावाचा एक मोहल्ला आहे. मिर्झा गालिब याच मोहल्ल्यात राहत असत, म्हणून उर्दू शाळेतील मुलांना हे नाव नवे नाही. या मोहल्ल्यात 'शरीफ मंझिल' नावाची एक मोठी हवेली आहे. या हवेलीत पिढ्यान्‌पिढ्या हकीम राहत आले. हे घराणे इतके नावाजलेले होते, की १८५७ च्या धामधुमीत पतियाळाच्या महाराजांनी त्याच्या रक्षणासाठी आपले शिपाई गल्लीच्या तोंडाशी उभे केले होते. त्या पहाऱ्यामुळे गल्लीत राहणारे गालिबही सुखरूप राहिले.

याच घराण्यात ११ फेब्रुवारी १८६८ रोजी अजमल खान यांचा जन्म झाला. त्यांचे वडील हकीम महमूद खान हे दिल्लीतील नामवंत हकीम होते. लहान अजमलने कुराण मुखोद्गत केले. अरबी व फारसी या भाषांचा अभ्यास केला. वैद्यकाचे धडे मात्र त्यांना घरातच मिळाले. वडील आणि थोरले भाऊ हेच त्यांचे गुरू. सकाळी मतब उघडला, की दारात रोग्यांची रांग लागे. त्यात श्रीमंत असत आणि गरीबही असत. अजमल वडिलांच्या शेजारी बसून पाहत असे. नब्ज, म्हणजे नाडी, कशी पाहावी, रोग्याला काय विचारावे, कोणती जडीबुटी किती द्यावी, हे तो असेच शिकला.

मुलांनो, त्या काळी औषधाची विद्या बहुधा घराण्याच्या मालकीची असे. एखादा गुणकारी नुस्खा बापाकडून मुलाकडे जाई, पण घराबाहेर जात नसे. असे नुस्खे पुष्कळदा माणसाबरोबरच नाहीसे होत. एखाद्या नुस्ख्याने खरोखर गुण येतो का, कोणाला येतो, कोणाला त्रास होतो, हे बाहेरच्या कोणाला तपासताही येत नसे. अजमल खान यांच्या थोरल्या भावाला, हकीम अब्दुल मजीद खान यांना, ही गोष्ट खटकत होती. त्यांनी दिल्लीत 'मदरसा तिब्बिया' सुरू केला. हकिमीची विद्या घराच्या दारातून बाहेर पडून शाळेच्या वर्गात आली.

१८९२ मध्ये अजमल खान रामपूरच्या नवाबांचे हकीम झाले. रामपूर संस्थानचे ग्रंथालय फार समृद्ध होते. जुन्या हस्तलिखितांचा मोठा साठा तेथे होता. रोग्यांना तपासून उरलेला वेळ हकीमसाहेब ग्रंथांत घालवीत. पुढे थोरले दोन्ही भाऊ एकामागून एक वारले. घराण्याची आणि मदरशाची जबाबदारी अजमल खान यांच्यावर आली. ते दिल्लीला परतले.

दिल्लीत त्यांनी 'हिंदुस्तानी दवाखाना' हा औषधांचा कारखाना काढला. युनानी आणि आयुर्वेदिक अशी दोन्ही प्रकारची औषधे तेथे तयार होऊ लागली. बाजारातील जडीबुटीत भेसळ असे. एका झाडाच्या नावाखाली दुसऱ्याच झाडाची मुळी विकली जाई. औषध चांगले असले तरी मुळी खोटी असेल, तर रोग्याला गुण कसा येणार? आणि चुकीची मुळी विषारी निघाली तर? म्हणून औषध शुद्ध मिळावे, ही पहिली गरज होती. दवाखान्याला जो नफा होई, तो हकीमसाहेब स्वतःच्या तिजोरीत न ठेवता शिक्षणाच्या कामाला देत.

स्त्रियांच्या शिक्षणाकडेही त्यांचे लक्ष होते. त्या वेळी पडद्यातील पुष्कळ स्त्रिया पुरुष हकिमाकडे जात नसत. बाळंतपणात कित्येकींचे प्राण जात. हकीमसाहेबांनी १९०९ मध्ये स्त्रियांसाठी निराळी तिब्बी शाळा काढली. तेथे सुइणींना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळू लागले.

याच सुमारास देशी वैद्यकावर एक संकट आले. इंग्रज सरकार फक्त पाश्चात्त्य वैद्यकाला मान देत होते. वैद्य आणि हकीम यांच्या विद्येला शास्त्र म्हणायलाच सरकार तयार नव्हते. मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्या नोंदणीत वैद्य-हकिमांना जागा नव्हती. असे कायदे सगळीकडे झाले, तर देशी वैद्यक हळूहळू संपेल, अशी भीती वाटू लागली. खेड्यापाड्यांतील गरीब रोग्यांना तर वैद्य आणि हकीम यांचाच आधार होता. हे संकट ओळखून हकीमसाहेबांनी १९१० मध्येच वैद्य आणि हकीम यांना एकत्र आणणारी एक परिषद स्थापन केली होती. वैद्य संस्कृत ग्रंथ वाचणारे, हकीम अरबी-फारसी ग्रंथ वाचणारे. दोघे एका मंडपात बसले आणि सरकारच्या धोरणाला त्यांनी एकजुटीने विरोध केला.

पण अजमल खान यांचे मोठेपण केवळ विरोध करण्यात नाही. विरोध करणे सोपे असते. आपले ते सगळे चांगले आणि परक्यांचे ते सगळे वाईट, असे म्हटले की टाळ्या मिळतात. हकीमसाहेबांनी तसे केले नाही. आपल्या विद्येत काय उणे आहे, हेही त्यांनी पाहिले. हकिमांना शरीररचनेचे प्रत्यक्ष ज्ञान कमी होते. शस्त्रक्रिया तर जवळजवळ मागेच पडली होती. औषधांचा गुण अनुभवावर ठरे, पण तो मोजून-मापून तपासला जात नसे.

१९११ मध्ये ते युरोपच्या प्रवासाला गेले. लंडन, पॅरिस, बर्लिन येथील रुग्णालये व वैद्यकीय संस्था त्यांनी पाहिल्या. लंडनमध्ये डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्याशी त्यांची भेट झाली. त्या भेटीची एक हकिकत सांगतात. एका रुग्णाच्या पोटात काय बिघाड आहे, याविषयी तेथील नामवंत शल्यचिकित्सकाचे एक मत होते. हकीमसाहेबांनी हाताने तपासून निराळे मत दिले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि हकीमसाहेबांचे निदान बरोबर ठरले. ही हकिकत सांगताना लोक हकीमसाहेबांच्या हाताचे कौतुक करतात. ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आपले मत सर्वांसमक्ष पडताळले जाणार, हे त्यांना ठाऊक होते. ते चुकीचे ठरले असते, तर परक्या देशात त्यांची फजिती झाली असती. तरीही ते पडताळणीला घाबरले नाहीत.

परत आल्यावर त्यांनी एक मोठी योजना हाती घेतली. युनानी आणि आयुर्वेद या दोन्ही विद्या एकाच छताखाली शिकवणारे महाविद्यालय त्यांना काढायचे होते. त्यात शरीरशास्त्र आणि शस्त्रक्रिया यांसारखे आधुनिक विषयही असणार होते. ही सरमिसळ सर्वांना मान्य नव्हती. लखनौच्या काही हकिमांना वाटे, की युनानी विद्या शुद्ध राहिली पाहिजे. दुसऱ्या बाजूने, काही डॉक्टरांना देशी विद्येशी संबंधच नको होता. हकीमसाहेब दोन्ही बाजूंची टीका ऐकत राहिले आणि काम करीत राहिले. त्यांनी देशभर फिरून देणग्या जमवल्या. २९ मार्च १९१६ रोजी दिल्लीच्या करोल बाग भागात व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते महाविद्यालयाची कोनशिला बसवली गेली. १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. 'आयुर्वेदिक अँड युनानी तिब्बिया कॉलेज' हे त्याचे नाव. ते आजही करोल बागेत उभे आहे.

कोनशिला व्हाइसरॉयच्या हातून आणि उद्घाटन गांधीजींच्या हातून! या पाच वर्षांत देश केवढा बदलला होता, हे यावरून कळते. हकीमसाहेबही बदलले होते. सरकारने १९०८ मध्ये त्यांना 'हाझिक-उल-मुल्क' हा किताब दिला होता. असहकाराच्या चळवळीत, १९२० मध्ये, त्यांनी तो परत केला. तेव्हा लोकांनीच त्यांना 'मसीह-उल-मुल्क' म्हणायला सुरुवात केली. याच वर्षी जामिया मिल्लिया इस्लामिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था स्थापन झाली आणि हकीमसाहेब तिचे पहिले कुलपती झाले. १९२१ मध्ये अहमदाबादला काँग्रेसचे अधिवेशन भरले. नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते. त्यांच्या जागी हकीमसाहेबांनी अध्यक्षपद सांभाळले. हिंदू आणि मुसलमान यांनी एकत्र राहावे, यासाठी त्यांनी अखेरपर्यंत खटपट केली. वैद्य आणि हकीम यांना एका इमारतीत बसवणाऱ्या माणसाला हे काम काही निराळे वाटले नसेल.

राजकारणाच्या धावपळीतही त्यांच्या मनातून एक गोष्ट गेली नव्हती. जुन्या औषधांची शास्त्रीय तपासणी झाली पाहिजे, ही ती गोष्ट. तिच्यासाठी रसायनशास्त्र जाणणारा माणूस हवा होता. असा तरुण त्यांना मिळाला. त्याचे नाव सलीमुझ्झमान सिद्दिकी. हा तरुण अलीगढला शिकून पुढे जर्मनीत गेला होता. फ्रँकफर्ट येथे १९२७ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली. तिब्बिया कॉलेजात संशोधनाचा विभाग उभारण्याचे काम हकीमसाहेबांनी त्याच्याकडे सोपवले.

पण तो विभाग नीट उभा राहिलेला पाहणे हकीमसाहेबांच्या नशिबी नव्हते. त्यांना हृदयाचा विकार होता. २९ डिसेंबर १९२७ रोजी रामपूर येथे त्यांचे निधन झाले. हजारोंची नब्ज पाहणारा हात थांबला. ते वारले तेव्हा त्यांचे वय ५९ वर्षांचे होते.

हकीमसाहेब गेले, पण काम थांबले नाही. डॉ. सिद्दिकींनी तिब्बिया कॉलेजात प्रयोगशाळा सुरू केली. तपासणीसाठी त्यांनी जी वनस्पती घेतली, तिचे नाव सर्पगंधा. उर्दूत तिला असरौल म्हणतात. हे लहानसे झुडूप हिमालयाच्या पायथ्याशी होते, तसे आपल्या सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या ओलसर रानातही होते. झोप न येणे, वेड लागणे, साप चावणे, अशा अनेक तक्रारींवर तिची मुळी देत असत. वेड्या माणसाला शांत करणारी मुळी म्हणून ती फार प्रसिद्ध होती.

आता विचार करा. शेकडो वर्षे लोक ही मुळी देत आले. मग तपासायचे काय? तपासण्यासारखे पुष्कळ होते. मुळीत असे कोणते द्रव्य आहे, की ज्याने माणूस शांत होतो? ते द्रव्य एकच आहे की अनेक आहेत? किती मात्रेत गुण येतो आणि किती मात्रेत अपाय होतो? एका झाडाची मुळी जास्त तीव्र आणि दुसऱ्याची सौम्य असेल, तर चिमूटभर म्हणजे नक्की किती? आणि साप चावल्यावर तिचा खरोखर उपयोग होतो, की केवळ नावावरून तसे मानले गेले?

डॉ. सिद्दिकी आणि त्यांचे सहकारी रफत हुसेन सिद्दिकी यांनी पहिल्या दोन प्रश्नांना हात घातला. अशा कामाची रीत साधारण अशी असते. प्रथम वनस्पती नक्की तीच आहे ना, याची खात्री करतात. मग मुळ्या सुकवून त्यांची पूड करतात. ती पूड मद्यार्कात भिजत ठेवतात, म्हणजे मुळीतील द्रव्ये मद्यार्कात उतरतात. हा झाला अर्क. अर्कात अनेक द्रव्यांची गर्दी असते. ती द्रव्ये एकेक करून वेगळी काढावी लागतात. हे काम अतिशय चिकाटीचे असते. सगळे जमले, तर शेवटी भांड्याच्या तळाशी शुद्ध द्रव्याचे स्फटिक दिसू लागतात.

१९३१ मध्ये या दोघांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. सर्पगंधाच्या मुळीतून त्यांनी पाच निरनिराळी द्रव्ये वेगळी काढली होती. त्यांपैकी तीन द्रव्यांना त्यांनी नावे दिली अजमलीन, अजमलिनीन आणि अजमलिसीन. ज्या हकीमसाहेबांनी या कामाची सुरुवात करून दिली, त्यांचे नाव अशा रीतीने रसायनशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे लिहिले गेले.

द्रव्य सापडले, म्हणजे औषध सापडले असे नाही. त्या द्रव्याचा जिवंत शरीरावर काय परिणाम होतो, हे पाहावे लागते. म्हणून ही द्रव्ये आधी बेडकांवर तपासली गेली. त्यांचा परिणाम हृदयावर, श्वासावर आणि मज्जातंतूंवर होतो, असे दिसले. एकाच मुळीतील निरनिराळ्या द्रव्यांचा परिणाम निरनिराळा होता. त्याच वर्षी, १९३१ मध्ये, कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन विकारांवर ही मुळी उपयोगी पडते, असे प्रसिद्ध केले. पुढे कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनीही कोलकात्यात तिचा अभ्यास केला.

यानंतरचे महत्त्वाचे काम आपल्या मुंबईत झाले. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ. रक्तदाब वाढलेल्या ५० रुग्णांना त्यांनी सर्पगंधा दिली. औषधाआधी आणि औषधानंतर त्यांचा रक्तदाब मोजला व नोंदी ठेवल्या. बहुतेकांचा रक्तदाब उतरला होता. १९४९ मध्ये त्यांचा हा लेख इंग्लंडमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या भारतीय मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी याच मुळीतून रेझर्पिन नावाचे आणखी एक द्रव्य वेगळे केले. रक्तदाब उतरवण्याचे आणि मन शांत करण्याचे बरेचसे काम या द्रव्याचे होते. रेझर्पिनच्या गोळ्या अनेक देशांत विकल्या जाऊ लागल्या.

गोष्ट येथे संपली असती, तर आपण फक्त अभिमान बाळगला असता. पण औषधाची तपासणी ते बाजारात आल्यावरही चालूच असते. रेझर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांचे नाक चोंदे, काहींना सुस्ती येई, नाडी मंद होई. एवढ्यावर भागले नाही. काही रुग्ण खोल उदासीत बुडाले. त्यांना जगणेच नकोसे वाटू लागले. ज्या गुणामुळे ही मुळी वेड्या माणसाला शांत करी, तोच गुण दुसऱ्या माणसाला घातक ठरू शकत होता. हे कळल्यावर डॉक्टरांनी मात्रा कमी केली. पुढे अधिक सुरक्षित औषधे मिळाली आणि रेझर्पिनचा वापर फार कमी झाला. विंचू किंवा साप चावल्यावर मुळीवर विसंबून राहू नये, रुग्णालयातच जावे, हेही आज आपल्याला माहीत आहे.

मग सर्पगंधा खोटी ठरली का? नाही. ती रक्तदाब उतरवते, हे खरे ठरले. ती अपाय करू शकते, हेही खरे ठरले. तपासणीने दोन्ही गोष्टी उजेडात आणल्या. केवळ अभिमानाने मुळी खात राहिलो असतो, तर अपाय कळला नसता. केवळ तुच्छतेने ती फेकून दिली असती, तर गुण कळला नसता.

आणि अजमलीनचे काय झाले? हृदयाचे ठोके बिघडले, तर ते सुधारण्यासाठी या द्रव्याचा उपयोग होतो, असे पुढे आढळले. काही माणसांच्या हृदयात एक धोकादायक दोष दडलेला असतो. तो वरवर दिसत नाही. तो शोधण्यासाठी काही देशांतील डॉक्टर आजही अजमलीन टोचून हृदयाचा आलेख काढतात. रुग्णाला रुग्णालयात ठेवून, आलेखावर सतत नजर ठेवून ही तपासणी करतात. धोक्याची खूण दिसली, की औषध तिथेच थांबवतात. शंभर वर्षांपूर्वी हकीमसाहेब हृदयाच्या विकाराने गेले. त्यांच्या नावाचे द्रव्य आज दुसऱ्यांच्या हृदयातील विकार शोधून देते.

डॉ. सिद्दिकी पुढे फार मोठे शास्त्रज्ञ झाले. कडुनिंबावरही त्यांनी संशोधन केले. ते पाकिस्तानात गेले आणि १९९४ मध्ये कराचीत वारले. पण आपल्या पहिल्या मोठ्या शोधाला त्यांनी दिलेले नाव दिल्लीच्या एका हकिमाचे आहे. भारतात ११ फेब्रुवारी हा हकीमसाहेबांचा जन्मदिवस 'युनानी दिन' म्हणून साजरा होतो.

मुलांनो, आपल्या घरीही आजी, दादी, नानी एखादा काढा किंवा चूर्ण देतात. त्यांच्या मायेचा आणि अनुभवाचा आदर करावा. पण वनस्पतीचे औषध आहे, म्हणून त्याने अपाय होणारच नाही, असे मात्र समजू नये. धोतरा आणि कण्हेर याही वनस्पतीच आहेत, आणि दोन्ही विषारी आहेत. कोणते औषध, किती आणि कोणाला, हे जाणकाराला विचारूनच घ्यावे. हकीम अजमल खान यांना आपल्या पूर्वजांच्या विद्येचा मोठा अभिमान होता. म्हणूनच ती विद्या त्यांनी झाकून ठेवली नाही. ती प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली आणि तपासायला सांगितले.

स्वाध्याय

१. मदरसा तिब्बिया सुरू करण्यामागे कोणता विचार होता?
२. मुंबई इलाख्यातील १९१२ च्या कायद्यामुळे वैद्य-हकिमांना कोणती भीती वाटू लागली?
३. मुळीपासून शुद्ध द्रव्य कसे वेगळे करतात, ते क्रमाने लिहा.
४. रेझर्पिनचे कोणते फायदे व कोणते तोटे दिसून आले?
५. 'आपल्या विद्येचा अभिमान असणारा माणूसच ती तपासायला देतो.' या पाठाच्या आधारे आपले मत सात-आठ ओळींत लिहा.